निमित्त

आपल्या नियतकालिकाच्या संपादक-मंडळातल्या दोन मुली परवा घरी आल्या. एक मराठी विभागाची, दुसरी कन्नड विभागाची. "बाई, 'निवृत्तीनंतरचे जीवन' या विषयावर काहीतरी लिहून द्या," म्हणाल्या. मी विचारले, "काहीतरी म्हणजे काय गं?" मराठी विभागाची मुलगी जराशी घोटाळली आणि म्हणाली, "म्हणजे वाचन, नातवंडं, आठवणी... असं."

तिचे काही चुकले नाही. बत्तीस वर्षे मराठी शिकवून मी २०२४ मध्ये साठाव्या वर्षी निवृत्त झाले, तेव्हा निरोप-समारंभात मला शाल, श्रीफळ आणि ज्ञानेश्वरी मिळाली. देणाऱ्यांचा भाव मोठा होता, यात शंका नाही. पण घरी आल्यावर माझ्या लक्षात आले, की तिन्ही वस्तू बसून वापरायच्या आहेत. निवृत्त माणसाला कुणी बूट देत नाही.

म्हणून मुलींना म्हटले, "लिहीन. पण नातवंडांवर नाही. बुटांवर लिहीन." त्या हसल्या. बाईंना अजून विनोद सुचतो, असे त्यांना वाटले असावे.

आमचे घर कोठीला, इसामिया बाजाराच्या अंगाला. लग्न होऊन मी १९८७ साली या घरात आले. येथल्या मराठी घरांना हैदराबादचे पाणी लागलेले. देवघरात विठोबा-रखुमाई, स्वयंपाकात चिंच आणि बोलण्यात 'हौ' आणि 'नक्को'. सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणत असू. मी आले तेव्हा त्या बावन्न-त्रेपन्न वर्षांच्या असतील. माझा हात स्वयंपाकात जरा बसला, आणि १९८९ च्या ज्येष्ठात एका सकाळी त्यांनी जाहीर केले, "मी वारीला जाते."

कुणी काही बोलले नाही. देवाचे काम. त्यांना कोण अडवणार? पुण्यापर्यंत गाडीने आणि आळंदीहून पंढरपूरपर्यंत पायी. सुमारे अडीचशे किलोमीटरची वाट, तीन आठवड्यांची. नऊवारी लुगडे, डोक्याला पदर आणि पायांत कॅनव्हासचे पांढरे बूट. या बुटांवरून दिंडीतल्या बायका त्यांना पुष्कळ दिवस हसल्या म्हणे. पुढे त्यांतल्याच दोघी-तिघींनी तसे बूट घेतले. अशा सतरा वाऱ्या आत्याबाईंनी केल्या.

त्या तीन आठवड्यांत घर मी सांभाळत असे. महाविद्यालयाचे वर्ग नुकतेच सुरू झालेले, मुलगा लहान, पाहुण्यांची वर्दळ. हे आज लिहिताना मला संकोच वाटतो, पण खरे ते लिहिले पाहिजे. मला त्यांचा हेवा वाटे. परत आल्या की रापलेल्या चेहऱ्याने ओसरीवर बसून त्या म्हणत, "तू आलीस म्हणून माझे पाय मोकळे झाले गं." हे कौतुक असे. पण प्रत्येक वेळी माझ्या मनात येई, की यांचे मोकळे झालेले पाय कुणाच्या तरी पायांत अडकले आहेत, आणि ते पाय माझे आहेत.

२०१४ साली त्या न्हाणीघरात पडल्या. खुब्याचे हाड मोडले. पुढली नऊ वर्षे बहुतेक अंथरुणावर गेली. त्यांचे तळवे चोळणे हे माझे रोजचे काम झाले. एवढे चाललेले तळवे शेवटी शेवटी लहान मुलाच्या गालासारखे मऊ झाले होते. चालणे सुटले की पायांवरची वाटही पुसली जाते, हे मला तेव्हा कळले. अशाच एका दुपारी त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. ती पुढे येईलच. २०२३ मध्ये त्या गेल्या.

निवृत्तीनंतर पहिले तीन महिने मी कपाटे आवरली. मग कपाटेही संपली. सकाळी चहा झाला, की दुपारच्या चहाची वाट पाहायची. आमचे हे बँकेतून निवृत्त होऊन सहा वर्षे झालेली, त्यामुळे त्यांना वर्तमानपत्र तीन तास पुरवण्याची कला साधली आहे. मला ती साधेना.

अशा वेळी अक्का आल्या. अक्का म्हणजे आपल्या कन्नड विभागातल्या माझ्या जुन्या सहकारी. माझ्याहून दोन वर्षांनी मोठ्या, माझ्याआधी निवृत्त झालेल्या. धारवाडकडच्या. मराठी उत्तम बोलतात, रागावल्या की मात्र कन्नडमध्ये. त्या म्हणाल्या, "भोंगीरचा किल्ला बघितलाय का हो तुम्ही?"

मी म्हटले, "आगगाडीतून."

"आगगाडीतून सगळ्यांनीच बघितलाय. वर जाऊन?"

हैदराबादहून काझीपेठकडे जाताना पन्नासेक किलोमीटरवर भोंगीर लागते. गावाच्या डोक्यावर एकच एक खडक उभा आहे. अखंड, अंड्याच्या आकाराचा, पाचशे फुटांहून उंच. त्याच्या माथ्यावर किल्ला. कल्याणीच्या चालुक्यांतला त्रिभुवनमल्ल सहावा विक्रमादित्य, त्याच्या नावावरून त्रिभुवनगिरी, पुढे भुवनगिरी आणि लोकांच्या तोंडी भोंगीर. १०७६ ते ११२६ अशी पन्नास वर्षे त्याने राज्य केले. बिल्हण त्याच्या दरबारचा, आणि ज्या मिताक्षरेवर हिंदू कुटुंबांच्या वाटण्या शतकानुशतके चालल्या, ती लिहिणारा विज्ञानेश्वरही त्याच्याच राज्यातला. अक्का त्याला 'आमचा राजा' म्हणतात. मी म्हणते, ठीक आहे, राजा तुमचा. पण मिताक्षरेतला मुलींचा वाटा सरळ व्हायला २००५ सालचा कायदा यावा लागला, तेवढे राजाला सांगा. असो.

बुटांची खरेदी कोठीतच झाली. सुलतान बाजाराच्या वाटेवर एका दुकानात मी आत गेले आणि खेळाचे बूट दाखवायला सांगितले. दुकानदाराने अदबीने विचारले, "किसके वास्ते होना अम्माजी? पोते के वास्ते?" मी म्हटले, "मेरेच वास्ते." त्याने एकदा माझ्या पायांकडे पाहिले, एकदा पातळाच्या काठाकडे, आणि काही न बोलता चार जोड काढून ठेवले. भला माणूस. एक माप मोठाच घ्या, उतारावर नखे दुखतात, एवढे मात्र त्याने आपणहून सांगितले. तो सल्ला लाखाचा होता, हे मला पुढे कळले.

२०२३ च्या डिसेंबरपासून तेलंगणात बायकांना साध्या आणि एक्स्प्रेस एस.टी.चा प्रवास फुकट आहे. कोठीहून उप्पल आणि उप्पलहून भोंगीर. आधार कार्ड दाखवले की कंडक्टर शून्य रुपयांचे तिकीट फाडून हातात देतो. ते तिकीट पहिल्यांदा हातात आले तेव्हा मला गंमत वाटली. साठ वर्षांत पहिल्यांदाच मी अशा ठिकाणी चालले होते, जेथे लग्न नव्हते, मर्तिक नव्हते, परीक्षा नव्हती आणि देव नव्हता.

ही ऑक्टोबरातली गोष्ट, दसरा झाल्यानंतरची. दरवाजापर्यंतच्या पायऱ्या मी चढले. मग जेथे पायऱ्या संपून उघडा कातळ लागतो, तेथे माझे पाय थांबले. कातळ गुळगुळीत, उतार डोळ्यांवर येणारा, बाजूला हाताला धरायला लोखंडी कठडा. एका बाजूने कॉलेजची पोरे गाणी म्हणत वर चालली होती. मी कठड्याला दोन्ही हातांनी मिठी मारली आणि वाकून एक पाऊल टाकले. पाऊल घसरले. दुसरे टाकले, तेही घसरले. छातीत धडधडू लागले. मी तेथेच खाली बसले. अक्का म्हणाल्या, "चला." मी म्हटले, "तुम्ही जा." त्या गेल्या. मी पाऊण तास त्या कातळावर बसून होते, पातळ पायांभोवती गुंडाळून. एक लहान मुलगी वर जाताना मला पाहून आईला तेलुगूत काहीतरी बोलली. आई म्हणाली, "अम्मम्मा अलिसिपोयिंदी." आजी थकली. तेवढे तेलुगू मला समजते.

खरे म्हणजे मी थकले नव्हते. मला भीती वाटली होती. पण साठीच्या बाईला थकण्याची सोय आहे, भिण्याची नाही.

रात्री पुण्याहून मुलाचा फोन आला. "दिवसभर फोन लागत नव्हता, कुठं होतीस?" आणि माझ्या तोंडून निघून गेले, "यादगिरीगुट्ट्याला गेले होते रे. दर्शनाला."

यादगिरीगुट्टा भोंगीरच्या पुढे थोड्याच अंतरावर. नरसिंहाचे प्रसिद्ध देवस्थान. खोटे कसे अगदी सोयीच्या अंतरावर होते! मुलगा लगेच निवळला. "मग ठीक. गर्दी होती का?" मी म्हटले, "होती." फोन ठेवला. समोर यांनी वर्तमानपत्र खाली घेतले होते. माझ्याकडे पाहून म्हणाले, "तू अगदी आईसारखी आहेस. फरक एवढाच, ती खरोखरच विठोबाला जायची."

ते रागावून बोलले नाहीत, म्हणूनच ते लागले. रात्रभर मला झोप आली नाही. मी आयुष्यभर मुलांना निबंधात 'निर्भय' शब्दाचा अर्थ शिकवला, आणि एक किल्ला पाहायला गेले हे पोटच्या मुलाला सांगायची मला हिंमत झाली नाही. चढता आले नाही याचे दुःख थोडे होते. आपल्याला कुठेतरी जावेसे वाटले, एवढेच सांगण्याची लाज वाटली, याचे फार होते.

त्या रात्री आत्याबाईंची ती गोष्ट आठवली. तळवे चोळता चोळता मी त्यांना सहज विचारले होते, "आत्याबाई, पहिल्या वर्षी तुम्हाला एकदम वारीचं कसं सुचलं?" त्या बराच वेळ छताकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "खरं सांगू? देवाचं निमित्त होतं गं. तेराव्या वर्षापासून मी याच घरात निजले. मला एकदा उघड्या माळावर आभाळाखाली निजायचं होतं. तसं सांगितलं असतं तर वेडी म्हटले असते. वारी म्हटलं, तर पाया पडले." आणि थोड्या वेळाने पुढे म्हणाल्या, "विठोबा मागाहून भेटला. सासवडच्या पुढं कुठंतरी."

एवढे बोलून त्यांनी मला विचारले, "तुला जायचंय का गं कुठं?" मी म्हटले, "नाही." आणि दुसरा तळवा हातात घेतला.

विद्यार्थिमित्रांनो, साहस हे तरुणांचे आणि विश्रांती म्हाताऱ्यांची, अशी वाटणी आपण गृहीत धरून चालतो. पण ही वाटणी फार जुनी नसावी. आपल्याकडे घराबाहेर पडण्याचे वय उलट उतारवयच मानले होते. मुलांची लग्ने झाली, सून आली, की मग काशी, रामेश्वर, वारी, परिक्रमा. वाटा कठीण, कित्येक परत येत नसत, म्हणून निघताना सगळ्यांचा निरोप घ्यायचा. याला साहस म्हणायचे नाही तर कशाला? फक्त त्याला तसे कुणी म्हटले नाही, कारण देव पुढे होता. आणि बाईच्या बाबतीत तर देवाशिवाय दुसरे कुठलेच निमित्त चालत नव्हते. इरावतीबाई कर्व्यांसारखी विदुषी दिंडीबरोबर चालली आणि त्या वाटेवर तिने जो लेख लिहिला, तो तुम्ही जरूर वाचा. बाहेर पडलेले माणूस किती वेगळे पाहते, हे त्यात दिसते.

आजही अशी माणसे आहेत. नाशिकच्या भारती ठाकूर २००५-०६ साली नर्मदेची परिक्रमा पायी करून आल्या आणि पुढे नोकरी सोडून त्याच नदीच्या काठी, मध्य प्रदेशात, मुलांसाठी शाळा उभी करून राहिल्या. परिक्रमा संपते तेथे त्यांचे दुसरे आयुष्य सुरू झाले. २०२२ साली बचेंद्री पाल यांच्या नेतृत्वाखाली पन्नाशी ओलांडलेल्या बायकांची एक तुकडी अरुणाचलापासून लडाखपर्यंत हिमालय आडवा चालत गेली. पाच महिन्यांच्या आसपास. बचेंद्रीबाई स्वतः तेव्हा सदुसष्ट वर्षांच्या होत्या. त्या तुकडीत बंगळूरच्या होत्या, म्हैसूरच्या होत्या, आपल्या नागपूरच्याही होत्या. कन्नड आणि मराठी विभागांना सारखाच अभिमान वाटावा अशी ही गोष्ट.

आणि भोंगीरचीच एक गोष्ट सांगते. निजामाबाद जिल्ह्यातल्या पाकाला गावची मालावत पूर्णा ही शेतमजुराची मुलगी याच खडकावर दोर धरायला शिकली आणि २५ मे २०१४ रोजी एव्हरेस्टवर उभी राहिली. वय वर्षे तेरा. त्याच्या दोनच वर्षे आधी, २०१२ साली, तामाए वातानाबे नावाची जपानी बाई त्याच शिखरावर पोहोचली होती. वय वर्षे त्र्याहत्तर. तिने आपलाच दहा वर्षांपूर्वीचा विक्रम मोडला. दोघींमध्ये साठ वर्षांचे अंतर. डोंगराने दोघींना वय विचारले नाही.

हे लिहिताना एक गोष्ट विसरून चालणार नाही. आमच्याकडे भांडी घासायला येणारी बाई माझ्याच वयाची आहे. ती रोज पाच घरांचे मिळून किती जिने चढते, ते मी कधी मोजले नव्हते. तिच्या गुडघ्यांना 'नवी सुरुवात' असा शब्द कुणी देत नाही. मला निवृत्ती आहे, निवृत्तिवेतन आहे, म्हणून माझ्या चढण्याला साहस म्हणतात. हे भान सुटले, तर मग किल्ल्यावर जाऊन उपयोग नाही.

तर मी काय केले? आधी डॉक्टरांकडे गेले. गुडघे तपासून घेतले, रक्तदाब पाहून घेतला. साठीनंतर स्नायू आपोआप वाढत नाहीत, पण काम दिले तर वाढतात, हे त्यांनी समजावले. १९९० साली अमेरिकेत बॉस्टन येथे नव्वदीच्या आसपासच्या अशक्त वृद्धांकडून आठ आठवडे वजने उचलण्याचा व्यायाम करून घेतला, तेव्हा त्यांच्या पायांची ताकद दुपटीहून अधिक वाढली होती. मग मी तर साठीचीच! घरी खुर्चीवरून हात न टेकता उठायचे आणि बसायचे, दहादहा वेळा. हे पाहून यांनी विचारले, "कुणी पाहुणे येणार आहेत का?" रोज पहाटे चालणे. आठवड्यातून दोनदा जिने. नोव्हेंबरात गोवळकोंड्याची बाला हिसार, तीही दोनदा.

मधल्या काळात मराठी ग्रंथ संग्रहालयातून गोनीदांची 'दुर्गभ्रमणगाथा' आणून पुन्हा वाचली. तरुणपणी ती शिकवण्यासाठी वाचली होती. या वेळी ती वाचताना पोटऱ्या दुखत होत्या, त्यामुळे अधिक कळली.

अक्कांनी मला शहराबाहेरच्या खडकांतूनही फिरवून आणले. हैदराबादचे हे दगड सुमारे अडीचशे कोटी वर्षांचे. १९९६ पासून ते वाचवण्यासाठी झटणारी एक संस्था, 'सोसायटी टू सेव्ह रॉक्स', लोकांना त्यांच्यातून हिंडवून आणते. एका दगडावर दुसरा दगड असा तोललेला दिसतो, की कुणीतरी राक्षसाने रचून ठेवला असावा. प्रत्यक्षात कुणी रचलेला नाही. अखंड खडकाला भेगा पडतात, भेगांतून पाणी मुरते, कांद्याच्या पापुद्र्यांसारखे थर सुटत जातात, कडा झिजून गोल होतात, आणि आजूबाजूचे सैल झालेले सगळे वाहून गेल्यावर जे टणक असते ते उभे राहते. मला हे फार आवडले. मी इतकी वर्षे झिजणे म्हणजे संपणे असेच समजत होते.

२०२५ च्या संक्रांतीनंतरचा रविवार. पुन्हा कोठी, उप्पल, भोंगीर. या वेळी पंजाबी पोशाख, एक माप मोठे बूट, पाठीवर पाण्याची बाटली आणि तिळाच्या वड्या. निघण्याआधी मी मुलाला फोन केला. तो उठलेला नव्हता. मग निरोप लिहून ठेवला : 'भोंगीरचा किल्ला चढायला जात आहे. अक्का बरोबर आहेत.' हे एवढे वाक्य लिहायला मला पाच मिनिटे लागली.

पुन्हा तोच कातळ आला. पुन्हा माझे हात कठड्याकडे धावले आणि पाठ वाकली. पाऊल सरकले. जवळच काही मुलांना कातळ चढायला शिकवणारा एक तरुण उभा होता. त्याने पाहिले आणि तेथूनच म्हणाला, "अम्मा, झुको नक्को. सीधे ठैरो. पूरा पाँव रखो पत्थर पे."

मला ते खरे वाटेना. पडायची भीती वाटत असताना सरळ उभे कसे राहायचे? त्याने जवळ येऊन समजावले. माणूस भ्याला की दगडाकडे झुकतो. झुकला की अंगाचा भार पावलांवरून सरकतो, टाचा उचलल्या जातात, आणि म्हणूनच पाय घसरतो. सरळ उभे राहिले, की सगळा भार तळव्यावर येतो आणि खरबरीत दगड तळव्याला धरून ठेवतो. तुम्ही दगडाला धरायचे नाही, दगडाला तुम्हाला धरू द्यायचे.

मी सरळ उभी राहिले. एक हात कठड्यावर नुसता टेकवलेला. पूर्ण पाऊल ठेवले. ते राहिले. दुसरे ठेवले. तेही राहिले. अक्का मागून कन्नडमध्ये काहीतरी बोलत होत्या, म्हणजे त्याही घाबरल्या होत्या.

माथ्यावर पोहोचायला आम्हाला दीड तास लागला. पोरे अर्ध्या तासात जातात. वर पडका महाल, पाण्याची टाकी आणि चारी बाजूंनी मोकळा वारा. खाली भोंगीर गाव, त्याच्या पलीकडून एक आगगाडी चालली होती. तिच्या खिडकीत बसून कुणीतरी या खडकाकडे पाहत असेल, असे मनात आले. आम्ही वड्या खाल्ल्या. अक्कांनी आपल्या राजाचे राज्य कुठपर्यंत होते ते हात करून दाखवले. मी बूट काढून उघड्या कातळावर आडवी झाले आणि डोळे उघडे ठेवले. वर आभाळाशिवाय काही नव्हते. मला आत्याबाईंची फार आठवण झाली. त्यांच्याविषयीचा तीस वर्षांचा हेवा मी कुठे ठेवला होता, तो तेथे शोधूनही सापडला नाही.

उतरताना मात्र नखे दुखली नाहीत. त्या दुकानदाराला मी येऊन सांगितले. तो म्हणाला, "बोला था ना अम्माजी."

संध्याकाळी मुलाचा फोन आला. निरोप त्याने दुपारी वाचला होता.

"आई, किल्ला? कशाला?"

"नुसतीच गेले होते."

"नुसतीच म्हणजे?"

"म्हणजे जावंसं वाटलं म्हणून. आणि हे बघ, ऑक्टोबरात मी यादगिरीगुट्ट्याला गेले नव्हते. तेव्हाही भोंगीरलाच गेले होते. अर्ध्यातून परत आले. तुला खोटं सांगितलं."

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "पुढच्या वेळी फोन पूर्ण चार्ज करून जात जा." मी बरे म्हटले. यांनी वर्तमानपत्राआडून विचारले, "पुढची वेळ केव्हा आहे?"

"पुढल्या महिन्यात. का?"

"काही नाही," ते म्हणाले, "माझ्या बुटांचं माप नऊ आहे."